बॉयलर आधी, चाकं नंतर

विचारणाऱ्याचं वय एकतीस, चाकणला डिझाइनमध्ये नोकरी, कोथरूडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. प्रश्न असा: ‘डेक्कन क्वीनच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं, वर बसून चालवता येईल एवढं मोठं मॉडेल बांधायचं आहे. खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर. गेज सव्वासात इंच ठरवलंय. चित्र सोबत आहे, टोकदार गोल नाकाचं आणि नाकावर चांदणी असलेलं. कॅडमध्ये मॉडेल तयार आहे, फ्रेमच्या प्लेटी येत्या आठवड्यात लेझर कटिंगला टाकतोय. लेथ कोणती घेऊ, आणि एकूण किती वर्षं धरू?’

लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, नंतर बघू. आधी त्या प्लेटी थांबवा.

मी भोसरीत टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. घरी दोन इंजिनं पूर्ण केली, दोन्ही पाच इंच गेजची. पहिल्याला पावणेसात वर्षं लागली, दुसऱ्याला साडेतीन. मधला फरक हात बसल्याचा थोडा, आणि कामाचा क्रम बदलल्याचा जास्त. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पुण्यात प्रश्न विचारला की दुरुस्ती फुकट मिळते, तेव्हा तीही घ्या. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. चित्रातलं चांदणीवालं इंजिन डब्ल्यूपी वर्गाचं आहे, १९४७ पासून आपल्या ब्रॉडगेजवर आलेलं. देखणं आहे, वाद नाही. पण हिशोब करा. ब्रॉडगेज १६७६ मिमी, सव्वासात इंच म्हणजे १८४ मिमी, म्हणजे प्रमाण साधारण १:९.१. खरं इंजिन टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, १७० टनांच्या आसपास. लांबी नवाने भागली जाते, पण वजन नवाच्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसातशेने. आले सव्वादोनशे किलो. लांबी अडीच मीटरच्या पुढे. तुमच्या सोसायटीची लिफ्ट सहा माणसांची असेल तर वजनाला ती हो म्हणेल, लांबीला नाही. टेंडर सोडवून दोन खेपा करता येतील, पण दर वेळी चालवायला नेताना टेम्पो, चार माणसं आणि वॉचमनची मनधरणी. शिवाय सहा मोठी चाकं, चार छोटी पुढे, दोन मागे, आणि टेंडरची वेगळी. सगळी ओतून, कातून, जोडीजोडीने बसवायची. पहिलंच काम म्हणून हे घेणारा माणूस मी अजून तडीला गेलेला पाहिलेला नाही.

माझा सल्ला पाच इंच गेजचा, आणि त्यावर ब्रॉडगेजचं नाही तर नॅरोगेजचं इंजिन. लोक यात गोंधळतात म्हणून सांगतो. गेज म्हणजे फक्त दोन रुळांमधलं अंतर. साडेतीन, पाच आणि सव्वासात ही ब्रिटिश छांदिष्टांनी रूढ केलेली मापं. (अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी साडेसात चालतं, त्यामुळे तिकडची ड्रॉइंग मागवताना पाव इंचाने फसू नका.) पाच इंचात स्टँडर्ड गेजचं इंजिन बांधलं तर प्रमाण १:११ च्या आसपास येतं आणि सगळे भाग घड्याळजीच्या कामासारखे बारीक होतात. पण माथेरानची गाडी दोन फुटी, ६१० मिमी गेजवर. तिला १२७ मिमीवर आणली की प्रमाण येतं १:४.८. त्याच रुळावर इंजिन दुपटीहून मोठं. पिना आठ-दहा मिमीच्या, बॉयलर जाडजूड, फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळशाच्या चुलीच्या, दारातून हात आत जातो. वजन साठ ते ऐंशी किलो, दोन माणसं उचलतात. सपाट रुळावर पाच-सहा जणांना सहज ओढतं.

माथेरानचंच इंजिन मात्र पहिल्या फटक्यात नको. १९०७ ला ती गाडी सुरू झाली तेव्हा जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोपेलची जी इंजिनं आणली, त्यांच्या टोकाच्या आसांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. आतला आस फ्रेममध्ये सरळ, बाहेरची पोकळ नळी चाकांसकट वळणावर तिरपी होणारी. तसल्या तीव्र वळणांसाठी नामी युक्ती, पण घरच्या लेथवर डोकेदुखी. चार चाकांचं साधं टँक इंजिन घ्या, म्हणजे टेंडर नसलेलं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं. ‘स्वीट पी’ नावाचं पाच इंची ब्रिटिश डिझाइन नवशिक्यांत बरंच चालतं. त्याचा फायरबॉक्स गोल नळीचा आहे, आणि याचं महत्त्व पुढे कळेल.

आता मूळ मुद्दा. जवळजवळ सगळे जण फ्रेमपासून सुरुवात करतात. फ्रेम, मग चाकं, मग सिलिंडर, मग व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची जुळणी. दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसरची नळी लावून किलोभर दाबाच्या हवेवर चाकं फिरवतात. घरात पेढे येतात, व्हिडिओ काढले जातात. आणि इंजिन तिथेच थांबतं, कारण आता बॉयलर समोर उभा असतो. त्याचं तांबं एकदम घ्यावं लागतं, त्याला भट्टी लागते, आणि तो बिघडला तर सगळाच बिघडतो. माझ्या ओळखीत अशी तीन इंजिनं आहेत जी हवेवर मस्त चालतात आणि शोकेसमध्ये उभी आहेत. माझं पहिलं इंजिनही तसंच दोन वर्षं चादरीखाली होतं.

म्हणून बॉयलर आधी. तो झाला की बाकीचं सगळं नुसतं फिटरकाम उरतं.

आमच्या पिढीने पाणी तापवायचा बंब पाहिलाय. मधून नळी, खाली जाळी, जाळीवर लोणारी कोळसा, भोवती पाणी. लोकोमोटिव्हचा बॉयलर हा आडवा पाडलेला बंबच, फक्त मधल्या एका नळीऐवजी वीस-पंचवीस बारीक नळ्या आणि मागे चौकोनी चूल. पण बंब उघडा असतो, त्यात दाब नसतो. घरातला कुकर किलोभर दाबावर शिट्टी देतो. आपल्या बॉयलरचा कामाचा दाब सहा-सात किलो. (दर चौरस सेंटिमीटरला, पण वर्कशॉपमध्ये कोणी तेवढं बोलत नाही.)

बॉयलरच्या गोल पिंपाच्या पत्र्याची जाडी काढणं सोपं आहे. व्यास १२५ मिमी, दाब ७ किलो. तांब्याची ताकद आठाने भागून, म्हणजे आठपट सुरक्षितता ठेवून, २२० किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरतात. ७ गुणिले १२.५, भागिले २२० ची दुप्पट. येतात दोन मिलिमीटर. आपण तीन घेतो. गोल भागाचं हे सुख आहे, दाब त्याला सगळीकडून सारखा ताणतो. खरी गोची सपाट भागाची. चौकोनी फायरबॉक्सची बाजू १२ बाय १० सेंटिमीटर धरा, पोस्टकार्डाएवढी. क्षेत्रफळ १२०, दाब ७, एकूण जोर ८४० किलो. पोस्टकार्डावर मारुती ८०० उभी आणि तिच्यात तीन माणसं बसलेली. ती प्लेट फुगू नये म्हणून आतली आणि बाहेरची प्लेट एकमेकींना स्टेने बांधतात, म्हणजे पाच मिमीच्या दांड्यांनी. वीस-वीस मिमीवर एक स्टे ठेवला की प्रत्येकाच्या वाट्याला चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे अठ्ठावीस किलो येतात. असे स्टे साठ-सत्तर, आणि प्रत्येकाला दोन्ही टोकांना डाख. गोल फायरबॉक्सच्या डिझाइनमध्ये हे जंगल जवळजवळ नाहीसं होतं, म्हणून मी वर त्याचं नाव घेतलं.

तांबं कुठलं, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि मीही विचारला नव्हता. पहिल्या बॉयलरसाठी मी मोडीच्या बाजारातून तीन मिमीच्या सुंदर प्लेटी आणल्या. चकचकीत, सरळ, स्वस्त. त्या बसबारच्या होत्या, म्हणजे विजेच्या कामाच्या तांब्याच्या. त्या तांब्यात थोडा ऑक्सिजन मुद्दाम असतो, वीज वाहायला त्याने काही बिघडत नाही. पण गॅसच्या ज्योतीत ते लाल केलं की ज्योतीतला हायड्रोजन आत शिरतो, त्या ऑक्सिजनशी मिळून धातूच्या कणाकणांमध्ये वाफ तयार होते आणि तांबं आतून उकलतं. वरून दिसतं ते संत्र्याच्या सालीसारखं. मला वाटलं, फ्लक्सचे, म्हणजे डाख नीट वाहावा म्हणून लावतात त्या लेपाचे, डाग असतील. पाण्याच्या चाचणीत नऊ किलोला मागच्या कोपऱ्यात घाम फुटल्यासारखे थेंब आले. डाख पुन्हा दिला, थेंब दोन इंच पुढे सरकले. असं तीनदा झाल्यावर कोपरा करवतीने कापून पाहिला, तर वाकवल्याबरोबर बिस्किटासारखा मोडला. अकरा किलो तांबं आणि दीड वर्ष. दुकानदाराचा दोष नाही, त्याने तांबं दिलं होतं आणि ते तांबंच होतं. तुम्ही मागताना फॉस्फरसने ऑक्सिजन काढलेलं, डीएचपी तांबं असं स्पष्ट मागा. एसीच्या आणि फ्रिजच्या नळ्या त्याच तांब्याच्या असतात, त्यामुळे फायर ट्यूबचा, म्हणजे बॉयलरमधल्या त्या बारीक नळ्यांचा, प्रश्न आपोआप सुटतो. प्लेटी मात्र टेस्ट सर्टिफिकेटसकट घ्या.

प्लेटीच्या कडा वळवणं, म्हणजे फ्लॅंजिंग, हे या छंदातलं सगळ्यात सुंदर काम आहे आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा नाही. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्यावर हातोडी पडतेय. दुसऱ्या बॉयलरच्या वेळी मी तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे जाऊन बसायला लागलो. काम त्याला दिलं नाही, फक्त शिकवा म्हटलं. पोलादाचा फॉर्मर, म्हणजे ज्यावर प्लेट वळवायची तो ठोकळा, मी करून नेला होता, फायरबॉक्सच्या मागच्या प्लेटचा, कोपरे गोल केलेला. तांब्याची प्लेट लाल करून पाण्यात टाकली, पुसली, फॉर्मरवर आवळली आणि कडेवर लाकडी मोगरी मारायला सुरुवात केली. कड पाऊण इंच खाली आली आणि कोपऱ्यात सुरकुती धरायला लागली. मी मोगरी ठेवून लोखंडी हातोडी उचलली. म्हातारा बाजूला मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवायचं काम, करत होता, मान वर न करता म्हणाला, “अहो साहेब, आवाज ऐका की. टणटण वाजायला लागलं ते. आता मारलंत तर चिरेल.”

मऊ तांब्याचा आवाज बसका असतो, ओल्या मातीवर थाप मारल्यासारखा. ठोकून ठोकून ते कडक होतं आणि आवाज चढतो. आवाज चढला की थांबायचं, पुन्हा मंद लाल करायचं. पाण्यात टाकलं काय किंवा हवेत निवू दिलं काय, तांबं मऊच होतं. पोलादासारखं पाणी देऊन ते कडक होत नाही. पाण्याचा फायदा एवढाच की वेळ वाचतो आणि वरची काळी पापडी झडते. त्या एका प्लेटला सहा वेळा ताव द्यावा लागला. आणि कोपऱ्यातली सुरकुती? ती खाली दाबायची नाही, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी मारत तिला मधल्या मध्ये जिरवायची. हे लिहून कळत नाही, म्हातारा माझं मनगट धरून मारत होता तेव्हा कळलं.

डाख चांदीचा. शिशाचा डाख इथे चालत नाही, तो १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि सात किलोच्या वाफेचं तापमानच १७० आहे. पंचावन्न टक्के चांदीचा डाख ६३० ते ६६० अंशांत वितळतो. आधीच्या जोडांना थोडा जास्त तापमानाचा, पंचेचाळीस टक्क्यांचा वापरला तर पुढचा जोड करताना मागचा सुटत नाही. सोनाराचा टाकणखार इथे पुरेसा नाही. तो स्वतःच ७४० अंशांच्या वर वितळतो, तोवर डाख वाहून जायची वेळ झालेली असते. फ्लोराइडचा फ्लक्स घ्या, आणि डाख कॅडमियम नसलेला आहे ना हे दोनदा विचारा. कॅडमियमवाला स्वस्त असतो, छान वाहतो, आणि त्याची वाफ फुप्फुसं खाते. एका बॉयलरला मला सातशे ग्रॅमच्या आसपास डाख लागला. त्या काळात घरात सोनाराकडे जायचा विषय निघाला की चांदीचा भाव मला तोंडपाठ असायचा, आणि यावरून मी बरंच ऐकून घेतलंय.

जोडात फट दहा शतांश मिमीची ठेवा. अगदी घट्ट बसवलं तर डाख आत शिरत नाही, ढिलं ठेवलं तर भरत नाही. आणि उष्णता भरपूर हवी. तांबं उष्णता पळवतं, दहा किलोचा गोळा एका टोकाला ६५० वर न्यायचा तर तो सगळाच पाचशेच्या पुढे जातो. व्यावसायिक गॅस सिलिंडर, मोठं नोझल, भोवती हलक्या रिफ्रॅक्टरी, म्हणजे भट्टीच्या, विटांची पेटी, आणि सोबत दुसरा माणूस. एकाने ज्योत धरायची, एकाने डाखाची कांडी. काम सावलीत करा. उन्हात तांब्याचा मंद लाल रंग दिसतच नाही, आणि तुम्ही तापवत राहता. झालं की निवू द्यायचं आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवायचं. सकाळी फ्लक्सची काच गळून पडलेली असते आणि आत चांदीची सलग रेघ दिसते. दिसली नाही तर पुन्हा.

चाचणी पाण्यानेच करायची, हवेने कधीही नाही. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे जोड फुटला तर पचकन थेंब उडतो आणि दाब शून्यावर येतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, ती तुकडे फेकते. ब्रिटनमधल्या क्लबांची पद्धत चांगली आहे: नव्या बॉयलरला कामाच्या दाबाची दुप्पट, नंतर ठरावीक काळाने दीडपट. म्हणजे आपल्याला चौदा किलो. हातपंपाने हळूहळू चढवा, मधेमधे थांबा, सपाट भागांना डायल गेज लावून फुगवटा बघा. त्यानंतर पहिल्यांदा वाफ केली की जोरात आग, ब्लोअर (आगीला ओढ देणारा वाफेचा झोत) चालू, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी चावी) बंद, आणि बघायचं की दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब कामाच्या दाबाच्या दहा टक्क्यांपेक्षा वर जात नाही ना. जात असेल तर व्हॉल्व्ह लहान आहेत, बदला. पाणी भरायचे किमान दोन वेगळे मार्ग ठेवा, कारण पाणी उतरून फायरबॉक्सचा माथा उघडा पडला की डाखाची परीक्षा सुरू होते.

कायद्याचं विचाराल तर १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, आणि २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं पात्र व्याख्येच्या बाहेर आहे. पाच इंची इंजिनात चार-सहा लिटर पाणी असतं. म्हणजे इन्स्पेक्टर तुमच्या दारात येणार नाही. त्याचा अर्थ असा की तुमच्या चुका पकडायला कोणीच येणार नाही, म्हणून वही ठेवा: प्लेट कुठली, डाख कुठला, चाचणी कधी, किती किलोला, साक्षीला कोण. साक्षीदार वेल्डिंग-फॅब्रिकेशन जाणणारा आणि तुमची भीड न बाळगणारा असावा.

आता लेथ. जुनी साडेचार फुटी घ्या, सेंटरची उंची सहा इंच तरी असलेली, म्हणजे मोठं चाक फेसप्लेटवर (लेथच्या सपाट तबकडीवर) फिरेल. रंग बघून घेऊ नका. जुन्या लेथचा बेड चकजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळ, झिजलेला असतो, कारण आयुष्यभर काम तिथेच झालेलं. पंचवीस मिमीचा बार चकमध्ये धरून शंभर मिमी लांब बारीक कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. दोन शतांशाच्या आत फरक असेल तर खुशाल घ्या, पाच असेल तर भाव पाडा, दहा असेल तर नमस्कार करून निघा. फ्लॅटमध्ये मात्र आणू नका. लेथ कशीबशी चढेल, पण खालच्या मजल्यावरचे काका रविवारी दुपारी वर येतील. शिवणे, नऱ्हे, धायरीकडे लहान शेड आहेत, कुणाच्या तरी शेडमध्ये कोपरा भाड्याने घ्या. सिंगल फेज वीज असेल तर ड्राइव्ह (मोटरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) लावून थ्री फेज मोटर चालवता येते, आणि वेग कमी-जास्त करायची सोय फुकट मिळते. मिलिंग बाहेरून करून घेतलं तरी चालतं. मी पहिल्या इंजिनाला मिलिंग मशीन न घेताच निभावलं.

तुमच्या कॅडचं खरं काम ओतकामात आहे. पूर्वी पॅटर्नसाठी, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्यासाठी, सागवान आणि पॅटर्नमेकर शोधत फिरायचो, आता थ्रीडी प्रिंट काढून घासली की झालं. बिडासाठी मापं एक टक्का मोठी ठेवा, गनमेटलला (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूला) दीड टक्क्याच्या आसपास, कारण ओतलेला धातू निवताना आकसतो. चाकं बिडाची, सिलिंडर गनमेटलचे किंवा बिडाचे. दहा-बारा नगांसाठी मोठी फाउंड्री दारात उभं करत नाही, लहान फाउंड्रीवाल्याला त्याच्या नेहमीच्या ओताच्या दिवशी गाठा. बीड आल्यावर पहिला कट कातड्याच्या खाली, खोल घ्या. वरवर खरवडत बसलात तर वाळू आणि कडक कातडं टूलची धार खातं आणि तुम्ही टूलला शिव्या देता.

चाकं आसावर बसवताना एकच गोष्ट जपायची: एका बाजूचा क्रॅंक दुसऱ्यापेक्षा नव्वद अंश पुढे. एक पिस्टन टोकाला अडकलेला असताना दुसरा जोरात असावा म्हणून. गंमत अशी की नव्वदाऐवजी साडेएकोणनव्वद झालं तरी इंजिन तक्रार करत नाही, पण सगळ्या आसांना तेच साडेएकोणनव्वद हवं. एकाला नव्वद आणि दुसऱ्याला साडेएकोणनव्वद झालं की साइड रॉड, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, प्रत्येक फेऱ्यात अडकतो. म्हणून एकच जिग, म्हणजे कोन पक्का धरणारी चौकट, करा आणि सगळे आस त्यातूनच काढा. चाक आसावर चिकटवायचं लॉकटाइट लावल्यावर विचार करायला फार वेळ मिळत नाही. पाच इंच गेजला चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर ११९ मिमी. व्हॉल्व्ह गिअरवर पानंच्या पानं लिहिली जातात. डिझाइन तयार असेल तर मापाने बनवा आणि पुढे जा, त्यात तुमचं डोकं चालवायची गरज नाही.

चालवण्याबद्दल दोन गोष्टी, कारण त्या पुण्याच्या आहेत. पाणी बोअरचं नको. क्षार नळ्यांवर बसतात आणि इंजेक्टरच्या, म्हणजे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या भागाच्या, बारीक शंकूंमध्ये दगड होतो. नळाचं त्यामानाने बरं, पण पावसाचं गाळून साठवलेलं सगळ्यात उत्तम. आणि इंजेक्टर गार पाण्यावरच चालतो. त्यात वाफ पाण्याला भेटून विरते, त्या विरण्यातूनच पाण्याला बॉयलरमध्ये घुसायचा वेग मिळतो. पाणी चाळिसाच्या वर गेलं की वाफ नीट विरत नाही आणि तो नुसता थुंकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या इंजिनाच्या टाकीत पाणी तेवढं होतंच. एका मुंजीत मुलांना फिरवायला इंजिन नेलं होतं, दुपारी दोन वाजता इंजेक्टरने मान टाकली. सरबतासाठी आणलेला अर्धा बर्फ टाकीत गेला, तेव्हा गाडी चालली.

आपल्या देशी कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते. खऱ्या इंजिनाच्या जाळीवर ते निभतं, पोस्टकार्डाएवढ्या जाळीवर वीस मिनिटांत घुसमट होते. आयात केलेला कमी राखेचा कोळसा पोत्याने मिळतो, तो सुपारीएवढा फोडून घ्या आणि चूर चाळून टाका. फाउंड्रीतला हार्ड कोक लहान जाळीवर नीट पेटत राहत नाही. पेटवायला लोणारी कोळसा, आणि धुराड्यावर बारा व्होल्टचा छोटा पंखा, कारण वाफ होईपर्यंत ओढ द्यायला काहीच नसतं. वीस मिनिटांत काटा हलायला लागतो.

रूळ हा वेगळा विषय आहे. मी सासवडकडे एका नातलगाच्या शेताच्या कडेला टाकलेत, लोखंडी पट्टी उभी वेल्ड करून. बारा मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण शक्यतो नको.

वर्षं विचारलीत: नोकरी सांभाळून, आठवड्याला आठ तास हातात येत असतील, तर पाच ते सहा. मधे लग्न, मूल, बदली आली तर त्यात भर घाला. खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग बॉयलरचा, आणि तो पहिल्या वर्षातच जातो. हे घरात आधी सांगून ठेवा.

या आठवड्यात लेझरवाल्याकडे जाण्याऐवजी एवढंच करा. दोन हातांच्या पंजांएवढी तीन मिमी डीएचपी तांब्याची एक प्लेट आणा, एक फॉर्मर बनवून घ्या, आणि शनिवारी सकाळी तांबट आळीत कुणाला तरी विचारा की जरा बसू का. चारी बाजूंना पाऊण इंच कड सुरकुती न पडता उतरली की ड्रॉइंग मागवा. प्लेट चिरली तरी बिघडत नाही, तांबं मोडीत जातं आणि बरेचसे पैसे परत येतात. लेझरने कापलेल्या डब्ल्यूपीच्या फ्रेमला भंगारवाला किलोने किती देतो, तेही जाता जाता विचारून ठेवा.